कँटनचा बाजार, वऱ्हाडातल्या अडतीवरून वाचलेला

आधी पुस्तकाचं सांगतो मग बाकीचं. द कँटन ट्रेड, लेखक पॉल व्हॅन डाइक, हाँगकाँग युनिव्हर्सिटी प्रेसनं 2005 साली काढलेलं, साधारण तीनशे पानांचं, इंग्रजीत. युरोपच्या कंपन्या चीनसोबत व्यापार करायच्या तो प्रत्यक्षात चालायचा कसा, यावर या माणसानं जे संशोधन केलं ते यात आहे. महाग आहे, विदेशी छापखान्याचं असल्यामुळं. तरीही माझं मत असं की ज्याचा बाजार समितीच्या ओट्याशी थोडाही संबंध आहे, अडत्या, दिवाणजी, मापारी, जिनिंगवाला, माल विकणारा शेतकरी, त्याला हे पुस्तक इतिहासाच्या प्रोफेसरापेक्षा जास्त कळंल. मी यवतमाळ जिल्ह्यात एका अडत दुकानात लिहिण्याचं काम करतो, कापूस तूर सोयाबीन, आणि सीझन संपल्यावर रात्री हे वाचून राहिलो होतो. अडलेल्या शब्दांसाठी पुतणीला फोन करायचो, ती अमरावतीला इतिहासात एमए करून राहिली आहे, तिलाही आता हे पुस्तक पाहिजे.

शाळेत आपल्याला चीनचं एवढंच शिकवतात की इंग्रजांनी अफू नेली, युद्ध झालं, हाँगकाँग घेतलं, संपलं. पण 1757 साली चिएनलुंग बादशहानं हुकूम काढून युरोपियन लोकांचा समुद्री व्यापार एकट्या कँटनला, म्हणजे आजच्या ग्वांगचौला आणला आणि 1842 च्या नानकिंग तहापर्यंत तो तसाच चालला, तर ही मधली 85 वर्षं काय रोज भांडणं होत होती का? नाही न. दरसाल जहाजं येत होती, चांदी उतरत होती, चहा चढत होता. इंग्रज होते, डच होते, फ्रेंच होते, 1731 साली निघालेली स्वीडनची कंपनी होती, डेन्मार्कची होती, 1784 पासून अमेरिकनही आले. एकमेकांची भाषा येत नाही, कायदा वेगळा, वजन वेगळं, नाणं वेगळं, आणि तरी सौदे होत होते. हे कसं झालं हाच या संशोधनाचा प्रश्न आहे. सुरुवात तो 1757 पासूनही करत नाही, 1700 पासून करतो, कारण हुकूम आला तेव्हा कँटनची पद्धत आधीच बसलेली होती असं त्याचं म्हणणं आहे, आणि ते त्यानं पुराव्यानं दाखवलं आहे.

मला सगळ्यात आवडला तो जहाज आत येण्याचा भाग. नैऋत्य वाऱ्यावर जहाजं जुलै ते सप्टेंबरात नदीच्या तोंडाजवळच्या मकावला, पोर्तुगीजांच्या वस्तीजवळ, यायची. तिथून पुढं पर्ल नदीत स्वतःच्या हिमतीवर कोणी जाऊ शकत नव्हतं, कारण नदीत गाळाचे उंचवटे आणि ही जहाजं पोटानं खोल. मग मकावचा परवानाधारक पायलट, म्हणजे नदीतली वाट दाखवणारा, घ्यायचा. हूमेनच्या तोंडाशी कस्टमचे माणसं जहाजावर चढायचे आणि व्हाम्पोआपर्यंत, म्हणजे कँटनच्या अलीकडं मोठी जहाजं नांगर टाकायची तिथपर्यंत, सोबत राहायचे. भरतीची वाट पाहायची, लहान लहान सांपान नावा लावायच्या, काही नावा उथळ जागा दाखवायला उभ्या, काही जहाज ओढायला. परत जाताना जहाज चहानं भरलं की आणखी खोल बसायचं, म्हणून काही माल नदीच्या खालच्या अंगाला नेऊन मग तिथं चढवायचा. लेखक म्हणतो की चीनच्या सरकारला या परदेशी लोकांना ताब्यात ठेवायला मोठं आरमार लागलंच नाही, नदीच पुरेशी होती. पायलट दिला नाही तर जहाज ना आत येते ना बाहेर जाते. या एका गोष्टीसाठीही पुस्तक घेतलं तर पैसे वसूल आहेत.

मग व्हाम्पोआला मापणी. कस्टमचा मोठा अधिकारी, परदेशी लोक त्याला होप्पो म्हणायचे, तो स्वतः वाजतगाजत यायचा, तोफांची सलामी व्हायची, त्याची माणसं पुढच्या डोलकाठीपासून मागच्या डोलकाठीपर्यंत लांबी आणि मधली रुंदी मोजायची, त्याच्यावर बंदराची फी बसायची. त्याच्यावर आणखी 1950 टेल चांदी, बादशहाची भेट या नावाखाली, जहाज लहान असो का मोठं. किलोत काढलं तर 70 किलोच्या वर जाते. आणि होप्पोकडून जहाजाला काय मिळायचं तर दोन गाई, आठ पोती गव्हाचं पीठ आणि आठ मडके दारू. लेखक या सोहळ्याला हसत नाही हे मला फार बरं वाटलं. तो सांगतो की फीचा दर ठरलेला होता, कोणालाही आधीच हिशोब लावता येत होता, म्हणून स्वीडनच्या गोथेनबर्गहून दीड-दोन वर्षांच्या सफरीवर निघणारा माणूस घरूनच खर्चाचा अंदाज करून निघू शकत होता. ज्या बाजारात कटती, म्हणजे मालातून कापून घेणं, किती हे गाडी खाली झाल्यावर समजते तिथं माल घेऊन जायला माणूस भितो, हे आपल्याकडं कोणालाही विचारा.

पुढं कॉम्प्रादोर आणि लिंग्विस्ट यांच्यावर वेगळी प्रकरणं आहेत. कॉम्प्रादोर म्हणजे जहाजाला अन् वखारीला भाजी मटण कोंबड्या लाकूड दोरखंड पुरवणारा परवानाधारक माणूस. लिंग्विस्ट नावाला दुभाषी पण खरं काम कागदाचं, परवाने काढणं, मालाच्या याद्या लिहिणं, कस्टमच्या वजनाची वेळ ठरवणं, माल नेणाऱ्या नावा बोलावणं. सगळं नीट झालं की शेवटी ग्रँड चॉप मिळायचा, म्हणजे निघायचा परवाना, त्याच्याशिवाय जहाज हलत नव्हतं. व्यापाराच्या इतिहासात ही माणसं कधी दिसत नाहीत. मोठा सेठ दिसतो, गव्हर्नर दिसतो, कंपनी दिसते. ज्याच्या सहीशिवाय पोतं हलत नाही तो दिसत नाही. या संशोधकानं त्यांच्या फी किती, त्यांना कोण पिळायचं, ते स्वतःची कमाई कुठून काढायचे हे सगळं शोधलं आहे आणि आदरानं लिहिलं आहे. मी स्वतः लिहिण्याचं काम करतो म्हणून असंल, पण ही पानं वाचताना मला फार समाधान झालं.

आता हे त्याला सापडलं कुठं, हा खरा कौतुकाचा विषय. कँटनच्या चिनी व्यापाऱ्यांच्या स्वतःच्या वह्या जवळपास उरल्याच नाहीत. परदेशी वखारींचा भाग 1822 साली जळाला, 1856 साली पुन्हा जळाला. आधीचे अभ्यासक जास्त करून इंग्रज कंपनीच्या कागदांवर चालायचे. व्हॅन डाइक कोपनहेगन, हेग, गोथेनबर्ग, लंडन असे सगळीकडचे दफ्तर वाचत गेला, त्या त्या भाषेत. डेन्मार्कच्या कंपनीची तर रोजकीर्द आहे, आज कोण आलं, कोणता चहा काय भावानं बोलला, कोणाला किती उचल दिली, तारीखवार. एकाच व्यापाऱ्याचं नाव डच वहीत एका प्रकारे, डॅनिश वहीत दुसऱ्या प्रकारे, ते जुळवायचं, मग कळते की हा माणूस एका हातानं डचांना चहा देऊन राहिला आणि दुसऱ्या हातानं स्वीडिश लोकांकडून उचल घेऊन राहिला. चार जणांच्या वह्या समोरासमोर ठेवल्याशिवाय हे दिसलंच नसतं. ज्यानं कधी खतावणी मिळवली आहे त्याला माहीत आहे हे किती किचकट काम आहे, आणि या माणसानं यात आयुष्यातली कितीतरी वर्षं घातली.

हाँग व्यापाऱ्यांचा भाग वाचताना मात्र जीव दाटून येतो. परदेशी लोकांसोबत मोठा सौदा फक्त यांनीच करायचा, तसा परवाना होता. जगाला त्यांच्यातला हाउक्वा माहीत आहे, ज्यानं 1834 साली आपली मालमत्ता 2 कोटी 60 लाख डॉलर सांगितली. पण बहुतेकांची गत वेगळी होती. चहा फूच्येन प्रांताच्या डोंगरातून यायचा, तिथं आधी पैसे पाठवावे लागायचे, तो पैसा कुठून आणायचा तर परदेशी लोकांकडून वर्षाला 18-20 टक्के व्याजानं. खराब निघालेला चहा इंग्लंडहून पुढच्या साली परत यायचा तो भरून द्यायचा. वरून अधिकाऱ्यांच्या मागण्या. 1780 साली दोन बुडालेल्या व्यापाऱ्यांना इलीला हद्दपार केलं, इली म्हणजे पार वायव्येच्या टोकाला, कझाकस्तानच्या बाजूला. त्यांचं कर्ज बाकीच्या व्यापाऱ्यांवर टाकलं आणि त्यासाठी मालावर जादा वसुली सुरू झाली, तो कोन्सू फंड. म्हणजे पैसा शेवटी मालातूनच निघाला. व्याजाखाली गेलेली घरं आमच्या भागानं इतकी पाहिली आहेत की ही पानं मला भरभर वाचता आली नाहीत.

माझी एक तक्रार आहे आणि ती मनापासून आहे. भारतातून कँटनला काय जात होतं? अफूच्या आधी कापूस जात होता. 1784 साली इंग्लंडनं चहावरचा कर 119 टक्क्यांवरून साडेबारावर आणला, चहाची मागणी वाढली, आणि तेवढी चांदी आणण्यापेक्षा भारताचा कच्चा कापूस चीनला विकणं कंपनीला परवडलं. मुंबईतून जायचा, कलकत्त्याहूनही जायचा. ज्यांच्या नावानं जे. जे. हॉस्पिटल आहे ते जमशेटजी जीजीभॉय याच चीनच्या व्यापारात मोठे झाले, कापूस आणि अफू दोन्ही. मुंबईतून जाणारा कापूस बहुतेक गुजरातचा. पण आपला वऱ्हाड-नागपूरचा कापूस तेव्हा लमाणांच्या बैलांवर मिर्झापूरला जात होता, तिथून गंगेनं कलकत्त्याकडं. वऱ्हाडातून थेट मुंबईला कापूस नेण्याची सुरुवात विकाजी-पेस्तनजी या पारशी भावांनी 1825-26 च्या सुमारास केली. म्हणजे ज्या साखळीच्या एका टोकाला व्हाम्पोआ आहे तिच्या दुसऱ्या टोकाजवळ आपली जमीन येते. पुस्तकात कापूस येतो तो बंदरावर उतरलेला माल म्हणून, तो पिकवला कोणी, वाहिला कोणी, भाव कोणी पाडला, हे येत नाही. लेखकाचा विषय नदी अन् बंदर आहे हे मला मान्य आहे. पण मला ते पाहिजे होतं, आणि ते कोणीतरी आपल्याच माणसानं लिहिलं पाहिजे.

शेवटाकडं हा सगळा कारभार कोसळला कसा यावर त्याचं म्हणणं आहे, आणि ते मला पटलं. ज्या गोष्टींमुळं कँटन मजबूत होतं त्याच गोष्टींनी ते पोखरलं. होप्पो थोड्याच वर्षांसाठी यायचा, बेजिंगला ठरलेला पैसा वेळेवर गेला की वर कोणी काही विचारत नव्हतं, आणि पैसा तर वाढतच होता. खाली लहान अधिकारी अफूवाल्यांकडून ठरलेला हप्ता घेत होते, इतका ठरलेला की तोही धंद्याचा खर्च झाला. तांदूळ आणणाऱ्या जहाजाला फीमध्ये सूट दिली तर तीच सूट वापरून दुसरा धंदा. 1820 च्या दशकात अफूनं कापसाला मागं टाकलं, 1839 साली बादशहानं पाठवलेल्या लिन झ-श्वू या अधिकाऱ्यानं अफूच्या 20 हजारांवर पेट्या नष्ट केल्या. मग वाफेचे जहाज आले. त्यांना ना वारा लागे ना ओढणाऱ्या नावा, कोणत्याही फाट्यानं नदीत शिरायचे. पायलट नाही दिला तर नाही दिला. जी नदी सरकारची चौकी होती ती उघडी पडली. हे तो कोणाला शिव्या न देता लिहितो, अफूचा दोषही झाकत नाही.

वाचायला सोपं आहे का, तर नाही. तक्ते खूप आहेत, तळटीपा खूप आहेत, आणि नावं सुरुवातीला डोक्यात बसत नाहीत. नकाशे चांगले आहेत, पर्ल नदीचा नकाशा आधी नीट पाहून घ्या, मग पायलटवाला भाग वाचा, मग पाहिजे तर सुरुवातीला या. कॉलेजच्या पोरांनी लायब्ररीत मागणी टाकावी, एकट्यानं घेण्यापेक्षा ते बरं. कँटन-मकावच्या व्यापाऱ्यांवर याच लेखकाचे आणखी दोन खंड आहेत, 2011 आणि 2016 चे, त्यात एकेका घराण्याचा हिशोब आहे, ते मी अजून वाचले नाहीत.

आणि एक विनंती आहे, पुस्तकाशी संबंधित आहे म्हणून इथंच करतो. आपल्या भागात खामगाव, अमरावती, हिंगणघाट, वणी, दारव्हा इथल्या जुन्या पेढ्यांत लाल कापडात बांधलेल्या चोपड्या, हुंड्या, पावत्या अजून माळ्यावर पडलेल्या असतात आणि घर पाडलं की रद्दीत जातात. कोणाकडं असतील तर रद्दीत देऊ नका. मोडी असो, मारवाडी असो, वाचता येत नसंल तरी चालते. उजेडात एकेका पानाचा फोटो काढा, पानावरची तारीख अन् दुकानाचं नाव दिसलं पाहिजे, वहीचा क्रम मोडू देऊ नका, आणि जवळच्या कॉलेजातल्या इतिहासाच्या सरांना किंवा मॅडमना एकदा दाखवा.