मोगरा की गुलछडी? आठ महिने दोन्ही अत्तरं वापरल्यावर

परवा पर्स उघडली तर आतलं अस्तर मोगऱ्याने ओलं. दहा मिलीची रोल-ऑन बाटली, सातशे रुपयांची, निम्मी रिकामी. दुकानात गेले तर उत्तर मिळालं, "उघडलेला माल परत घेत नाही, ताई." अहो, उघडल्याशिवाय बाटलीच्या तोंडातली फिरती गोळी गळते हे कळणार कसं?

ही गोळीच सगळ्याचं मूळ. थंडीत ती अडकते, मनगटावर घासत बसावं लागतं. उन्हाळ्यात तेल पातळ झालं की कडेने झिरपतं. झाकणाच्या आट्यांत बोट फिरवा, चिकट लागेल. बाटली आडवी ठेवली की संपलंच.

वासाचं म्हणाल तर पहिले तीन महिने मी मोगऱ्याकडेच होते. लावल्या लावल्या कळीचा हिरवट, गार वास येतो. गुलछडी मात्र सुरुवातीला औषधी, जड; घरात सगळे नाक मुरडायचे. पण मोगऱ्याचा चार तासांनी शिळा गजरा होतो. गुलछडीचं उलट. तासाभराने ती लोण्यासारखी मऊ होते आणि संध्याकाळपर्यंत टिकते.

मग हिशोब केला. चंदनाच्या तेलाचा भाव किलोला लाखाच्या वर. म्हणजे दहा ग्रॅमलाच हजाराच्या पुढे. मग दुकानदार म्हणाला तो "चंदनावर उतरवलेला मोगरा" सातशेच्या बाटलीत कुठून येणार? उत्तर प्रदेशातल्या कनौजला तांब्याच्या डेगेत फुलं शिजवून वाफ भपक्यातल्या, म्हणजे ती वाफ गोळा करणाऱ्या भांड्यातल्या, चंदनतेलात उतरवतात. तिथल्या अत्तराला २०१४ पासून भौगोलिक मानांकनही आहे. त्या नावावर मला साधं तेल विकलं, याचा मला खरंच राग आहे. गुलछडीही त्या दुकानदाराने "भपक्याची" म्हणूनच दिली होती. ते तर होणंच कठीण, कारण गुलछडी वाफेवर फारसं काही देत नाही. खुडल्यावरही ती वास सोडत राहते, म्हणून पूर्वी पाकळ्या चरबीवर पसरून सुगंध काढत. आता द्रावकाने काढतात. घरच्या फ्लॉवरपॉटमध्ये बघा, खालच्या कळ्या आधी उमलतात आणि दांडी दोन-तीन दिवस खोली भरून टाकते.

तरीही मत गुलछडीलाच. आईने एप्रिलमध्ये सांगितलं, "अंगाला नको, फाया कर." काडीच्या टोकाने एक थेंब कापसावर, तो कानाच्या पाळीमागे. तो सुरुवातीचा औषधी भपकारा जवळजवळ गेला. मोगऱ्यालाही फाया करून पाहिला, थोडा सुधारला. पण दुपारी तीनला पुन्हा शिळा गजरा. शिवाय सहा मिलीची गुलछडी साडेचारशेची, रोज एक थेंब धरून अजून पाव शिल्लक आहे.

आता गुलछडीच घेणार, तीही काचेच्या बुचाच्या बाटलीत. दुकानदाराला तिथेच बाटली उलटी धरायला लावते. मोगऱ्याचा वास हवा तेव्हा मंडईतून गजराच आणते.