शिवडीच्या गाळ्यात बनलेली घरघंटी : भाजणीच्या धंद्यात ९ महिने वापरल्यानंतर

गुढीपाडव्याच्या आठवड्यात ही घरघंटी घरी आली, आता मार्गशीर्ष चालू आहे. वहीतल्या नोंदी जोडल्या तर एवढ्या काळात हिच्यावर ७०० किलोच्या आसपास दळण झालंय. थालीपीठाची भाजणी, उपवासाची भाजणी, मेतकूट, कुळथाचं पीठ आणि कोंबडी-वड्यांचं पीठ. मी लालबागला राहते आणि घरातूनच ही पिठं करून विकते. घेतल्यावर आठ दिवसांत लिहिलेले अनुभव मी खूप वाचले होते, त्यांचा मला काहीच उपयोग झाला नाही. पहिले आठ दिवस सगळ्यांचीच घरघंटी चांगली चालते. एक पावसाळा आणि एक दिवाळी गेली, म्हणून आता लिहायला बसले.

आधी मी खालच्या गिरणीत दळून आणायचे. गिरणीवाले भाऊ भले, पण माझ्या आधी कोणाचा तरी गहू दळलेला असायचा आणि त्याचं पीठ जात्यात राहिलेलं असायचं. थालीपीठाला ते चालतं. राजगिरा, वरई, साबुदाणा आणि शिंगाड्याच्या भाजणीत चिमूटभर गहू गेला तरी ती उपवासाची उरत नाही, आणि पाकिटावर तर मी ‘उपवासाची’ असं छापलेलं. म्हणून दुकानातून एका मोठ्या कंपनीची घरघंटी घेतली. दीड वर्षानं तिची मोटर फिरेना. तक्रार नोंदवली, मोबाईलवर लांबलचक नंबर आला. तीन वेळा तीन वेगळे कारागीर आले, आणि तिघांनाही मी पहिल्यापासून सगळी कथा सांगितली. शेवटी उत्तर मिळालं की पूर्ण मोटर बदलावी लागेल. तेवढे पैसे नव्हते, मशीन भंगारात दिलं.

ही दुसरी घरघंटी बनवणारे काका शिवडीला एका छोट्या गाळ्यात काम करतात. ते, त्यांचा मुलगा आणि एक मदतनीस. काकांचे वडील कापड गिरणीत फिटर होते. १८ जानेवारी १९८२ ला गिरण्यांचा संप सुरू झाला, पुढे गिरणी काही पुन्हा उभी राहिली नाही, आणि वडिलांनी एक जुनं लेथ, म्हणजे धातू कातायचं यंत्र, घेऊन सुटे भाग करून द्यायला सुरुवात केली. आमच्या भागात अशी घरं पुष्कळ आहेत, माझं माहेरही त्यातलंच. काकांचं नाव इथे देत नाही, कारण त्यांनीच तसं सांगितलंय. महिन्याला ४ मशीन होतात, त्याहून जास्त त्यांना करायची नाहीत.

गाळ्यात गेल्यावर मी किंमत विचारली. काका म्हणाले, “ताई, आधी काय दळणार ते सांगा.” धान्यं कोणती, भाजलेली की कच्ची, एका वेळी किती किलो, घरात शेजार कसा आहे, हे सगळं विचारून त्यांनी एका लांब वहीत माझ्या नावाचं पान केलं. मग म्हणाले, तुमची भाजणी दोन किलो घेऊन या. दुसऱ्या दिवशी मी घेऊन गेले. अर्ध्या जोडलेल्या मशीनवर तीन वेगवेगळ्या जाळ्या लावून त्यांनी ती दळली आणि तीन ढीग माझ्यासमोर ठेवले. मी चिमटीत धरून मधला निवडला. थालीपीठाचं पीठ किंचित रवाळ लागतं, फार मऊ झालं तर थालीपीठ चिवट होतं. ती जाळी त्यांनी माझ्या मशीनला लावली आणि नंबर वहीत लिहिला. तीळ, खोबरं, शेंगदाणे यात घालायचे नाहीत, तेल सुटून जाळी बुजते, हेही तेव्हाच सांगितलं. दुकानात मला हे कोणी सांगितलं नव्हतं.

किंमत २३,५००. दुकानातल्यापेक्षा चार हजारांनी जास्त. मी घासाघीस केली, तेव्हा त्यांनी कागदावर हिशेब मांडला : पत्रा, मोटर, मजुरी, गाळ्याचं भाडं, आणि खाली वेगळी ओळ, ‘वर्षात २ फेऱ्या’. त्या फेऱ्यांचे पैसे त्यांनी आधीच धरलेले. “फुकट येतो म्हणणारा माणूस सहा महिन्यांनी फोन उचलत नाही,” असं त्यांचं म्हणणं. मी मुद्रा योजनेतून शिशू कर्ज घेतलं होतं, त्याची मर्यादा ५०,००० आहे. उरलेल्या पैशात वजनकाटा, पाकिटं सील करायचं यंत्र आणि मोठी कढई झाली.

आता जुलैचा किस्सा, ज्यासाठी खरं तर हे सगळं लिहितेय. ऐन पावसात एका सकाळी बटण दाबलं तर मोटर नुसती घुंऽऽ करत राहिली, फिरेना. अगदी जुन्या मशीनसारखं. माझे हातपाय गळाले. फोन लावला, काकांनीच उचलला. पहिलं वाक्य, “बटण बंद केलंत का? आधी बंद करा.” अडकलेल्या मोटरमध्ये वीज चालू ठेवली तर आतलं तांब्याच्या तारेचं वेटोळं, म्हणजे वाइंडिंग, तापून जळतं. मग प्लग काढून चाक हातानं फिरवायला सांगितलं. ते सहज फिरलं. “म्हणजे काही अडकलेलं नाही, कपॅसिटर गेलाय. मागचं झाकण उघडू नका, त्यात वीज साठून राहते.” घरच्या विजेवर चालणारी सिंगल फेज मोटर आपली आपण फिरायला लागत नाही, पहिला धक्का कपॅसिटर देतो, तो गेला की मोटर नुसती घुंऽऽ करत राहते. संध्याकाळी काकांचा मुलगा लोहार चाळीतून, विजेच्या सामानाच्या बाजारातून, भाग घेऊन आला, वीस मिनिटांत काम झालं. भागाचे पैसे घेतले, फेरीचे नाही. मी त्याला जुन्या मशीनबद्दल सांगितलं. तो जरा थांबला आणि म्हणाला, “वहिनी, तिचाही बहुतेक कपॅसिटरच असेल.” त्या रात्री मला बराच वेळ झोप लागली नाही. पूर्ण मशीन मी भंगारात दिलं होतं.

याच कारणासाठी काका बाजारात सहज मिळणारे भागच वापरतात. बेअरिंग ६२०४ नंबरचं, म्हणजे आतून २० मिलिमीटर, बाहेरून ४७. नागदेवी स्ट्रीटवर कुठल्याही बेअरिंगवाल्याकडे मिळतं. झाकणाच्या आतल्या बाजूला बेअरिंग, कपॅसिटर, पट्टा यांचे नंबर त्यांनी रंगानं लिहून ठेवलेत. उद्या ते नसले तरी दुसरा कारागीर मशीन दुरुस्त करू शकेल. गिऱ्हाइकाची काळजी म्हणतात ती मला तिथे दिसली, गोड बोलण्यापेक्षा जास्त.

पण सगळं छान नाही. गणपतीत काका सहकुटुंब कोकणात गेले, ११ दिवस गाळा बंद. त्याच आठवड्यात माझी जाळी फाटली. गावात फोन लागेना. गौरी विसर्जनानंतर आमच्याकडे वड्यांची झुंबड असते, ४० किलो वड्याच्या पिठाची मागणी होती. निम्मं गिरणीतून दळून आणलं, निम्म्या लोकांना नाही म्हणून सांगावं लागलं. त्यातली दोन गिऱ्हाइकं परत आली नाहीत. एका माणसावर चालणाऱ्या सेवेची ही खरी किंमत आहे आणि घेणाऱ्यानं ती आधीच समजून घ्यावी. काका परत आल्यावर मी चिडूनच बोलले. त्यांनी ऐकून घेतलं, कारण सांगत बसले नाहीत. दिवाळीच्या आधी मुलगा एक पिशवी देऊन गेला : दोन जाळ्या, पट्टा, कपॅसिटर, आणि जवळच्या एका ओळखीच्या कारागिराचा नंबर. आता प्रत्येक मशीनबरोबर ही पिशवी देतात असं कळलं.

बाकीच्या तक्रारी थोडक्यात. आवाज मोठा आहे, खाली रबर लावूनही. चाळीत दुपारी लोक झोपतात, म्हणून मी ११ ते १ मध्येच दळते. तासाला ८ किलो सांगितलं होतं, भाजणी ६ च होते. पीठ गरम निघतं, तसंच पाकिटात भरलं तर आत घाम धरून गोळे होतात, पावसाळ्यात तर बुरशी. कापडावर पसरून पूर्ण गार करावं लागतं. भाजलेलं धान्यही गार झाल्याशिवाय घालू नये. विजेचा खर्च मात्र बेताचा. १ हॉर्सपॉवर म्हणजे ७४६ वॅट, मोटर त्याहून थोडी जास्त खेचते, तासाला युनिटभर धरा. आणि दळणाचा क्रम पाळावा : उपवासाचं सगळ्यात आधी, मेतकूट सगळ्यात शेवटी. डबीतल्या हिंगात बहुधा गव्हाचं पीठ मिसळलेलं असतं, वास तर दोन दिवस जात नाही.

काकांची वही बघून मी माझीही वही केली. गिरगावच्या एका आजींना कवळी आहे, त्यांना भाजणी बारीक जाळीची. डोंबिवलीच्या एका घरात लहान मूल आहे, त्यांच्या मेतकुटात मिरची नाही. पाकिटावर अन्न परवान्याचा १४ आकडी नंबर छापलेला असतो, त्याच्या खाली भाजल्याची तारीख मी हातानं लिहिते आणि माझा फोन नंबर देते. आधी दिवसभर फोन वाजायचा, कढईवर काही करपायचं. आता ४ ते ६ ही वेळ छापली आहे, लोक पाळतात. आणि सगळ्यात मोठा बदल भावात केला. पूर्वी परळपासून दादरपर्यंत पाकिटं पोचवायचे ते हिशेबात कुठेच नव्हतं, महिनाअखेर हातात काही उरायचं नाही. काकांसारखी वेगळी ओळ मांडली, किलोमागे १५ रुपये वाढवले आणि फोनवर प्रत्येकाला कारण सांगितलं. तीन जण सोडून गेले. बाकीचे राहिले.

गेल्या आठवड्यापासून मशीन सुरू करताना बारीक कुईं असा आवाज येतोय. फोन मशीनजवळ धरून काकांना ऐकवला. “बेअरिंग कोरडं पडलंय. रविवारी येतो, तोवर एका वेळी तीन किलोच्या वर दळू नका.” कुळीथ भाजून, भरडून, पाखडून तयार ठेवलेत. बेअरिंग बदललं की पहिलं दळण तेच, आणि त्यातलं अर्धा किलो काकांच्या घरी जाईल.