लिहिण्यासाठी शहर की जंगल?

तीन वर्षांपूर्वी मी शहरातलं घर सोडून जंगलाच्या कडेला राहायला आलो. त्याआधी पंधरा वर्षं शहरातच कथा लिहिल्या, त्यामुळे दोन्हीकडचं थोडंफार सांगू शकतो. लिहिण्यासाठी जंगलात जाऊन राहावं का, असा विचार करत असाल तर इंटरनेट, दवाखाना, पाणी ही गणितं तुम्ही मांडलीच असतील. मी लिखाणापुरतं बोलतो.

संवाद हवे असतील तर शहराला तोड नाही. बसमध्ये मागच्या सीटवरचं भांडण कानावर पडतं आणि घरी पोचेपर्यंत कथेचं तोंड सापडतं. जंगलात हा झरा आटतो. इथे आल्यावर माझी सगळी पात्रं हळूहळू एकाच माणसासारखी, म्हणजे माझ्यासारखी, बोलायला लागली. अजूनही महिन्यातून दोन दिवस मी शहरात जातो, ते मुख्यतः ऐकायला.

पण शहर सुटलं तेही कानांमुळेच. हॉर्न, वरच्या मजल्यावरचं ड्रिलिंग, सगळं अंगवळणी पडलं होतं. भिंतीपलीकडचं फोनवरचं बोलणं मात्र कधीच पडलं नाही. एकच बाजू ऐकू यायची. "मग तू काय म्हणालास?" आणि पुढे शांतता. त्या शांततेत पलीकडचा काय म्हणाला असेल हे माझं डोकं आपोआप जुळवत बसायचं आणि हातातलं वाक्य निसटायचं. एकदा माझ्याच अक्षरात पानावर "बघते, संध्याकाळी कळवते" असं लिहिलेलं सापडलं. त्या कथेत कुणी कुणाला काही कळवणार नव्हतं. त्या रात्री मी जागा शोधायला सुरुवात केली.

जंगल शांत असतं असं नाही. रातकिडे रात्रभर कान किटवतात. पण त्या आवाजात शब्द नसतात, त्याचा अर्थ लावत बसावं लागत नाही. फिनलंडचे संगीतकार सिबेलियस १९०४ मध्ये हेलसिंकीतून रानातल्या घरी राहायला गेले आणि हयात असेपर्यंत त्यांनी घरात नळ येऊ दिले नाहीत, कारण पाण्याचा आवाज त्यांना सोसत नसे. हे वाचून मला फार धीर आला होता.

जंगलात लगेच काही सुचेल असं मात्र समजू नका. पहिले तीन महिने माझं पान कोरं होतं. मग एका सकाळी खिडकीबाहेर एक वाळकं पान हवेत गोल फिरताना दिसलं. पडत होतं, पण खाली येत नव्हतं. जवळ गेल्यावर कोळ्याचा एकच धागा दिसला. दोन वर्षं अडलेल्या कथेचा शेवट मला तिथे मिळाला. शहरात त्या पानाकडे मी इतका वेळ बघितलंच नसतं. (पावसात कागद सर्दाळतो, शाई पसरते. पहिला खर्डा पेन्सिलीने लिहा.)

लोकांच्या गजबजाटातच ज्यांचं लिखाण फुलतं, त्यांनी शहर सोडू नये असं मला वाटतं. दोन्ही हवं असेल तर संगीतकार माहलर यांच्यासारखं करता येईल. ते विएन्नाचा ऑपेरा सांभाळायचे आणि उन्हाळ्यात रानातल्या छोट्याशा खोपटात बसून संगीतरचना करायचे. पण शेजारच्या बोलण्याने तुमचंही वाक्य तुटत असेल, तर एकदा जंगलात राहून बघाच. जागा निदान सहा महिन्यांसाठी घ्या, कारण पहिले तीन कोरे जाण्याची शक्यता आहे.