वेस्टसेल ३२ की कॉन्टेसा ३२?

साउथॅम्प्टनचा भाचा अटलांटिक पार करायला जुनी शिडाची बोट घेतोय; निवड या दोन मॉडेलांतली. दोन्हींची लांबी ३२ फूट.

वेस्टसेल सुमारे ९ टनांची, कॉन्टेसा जेमतेम निम्मी. वेस्टसेलमध्ये महिनोन्‌महिन्यांचा शिधा मावतो, पण मंद वाऱ्यात ती गोगलगाय. तिला चेष्टेनं ‘वेटस्नेल’च (ओली गोगलगाय) म्हणतात. कॉन्टेसा चपळ, आत मात्र अरुंद, आणि लाटांत भिजवते. हलकी म्हणून लेचीपेची समजू नका: १९७९च्या फास्टनेट या शिडाच्या बोटींच्या सागरी शर्यतीत वादळ आलं, तेव्हा सर्वांत लहान बोटींच्या गटातून शर्यत पुरी केली ती एका कॉन्टेसानंच.

बऱ्याच वेस्टसेल मालकांनी नुसता सांगाडा घेऊन घरीच पुऱ्या केल्या, त्यामुळे आतलं काम बोटीगणिक वेगळं. डेकवर स्क्रूड्रायव्हरच्या मुठीनं ठोकायचं; बद्द आवाज आला की डेकच्या पोटातलं लाकूड कुजलेलं, भाव पाडायचा.

बोटीतच संसार थाटायचा तर वेस्टसेल. सुट्टीपुरते पल्ले मारायचे तर कॉन्टेसा.