यशोगाथा, व्हॉइस रेकॉर्डर आणि गिळलेला ‘नाही’ : वापरानंतरचा अनुभव

सर्व्हिस सेंटरने रेकॉर्डर पुन्हा एकदा ‘टेस्टेड ओके’चा स्टिकर लावून परत पाठवला, म्हणून हे लिहायला बसलो. काउंटरवरचा मुलगा म्हणतो, “काका, हा फॉल्ट नाही, फीचर आहे.” वॉरंटी शिल्लक असताना कुरिअरचे पैसे मात्र माझ्याकडून घेतले. कंपनीचं नाव लिहीत नाही; या किमतीतल्या बहुतेक रेकॉर्डरमध्ये आवाजावर आपोआप सुरू-बंद होण्याची ही सोय असतेच.

चार जीबी, दोन बारीक सेल, यूएसबी, कार्डाची खाच, ही माहिती खोक्यावर आहे. माझा वापर जरा वेगळा आहे. आम्ही काही निवृत्त शिक्षक मिळून जिल्हा परिषद शाळांमधल्या बदलांची एक पुस्तिका काढतो. शाळेत जायचं, शिक्षकांशी, आयांशी, मुलांशी बोलायचं आणि घरी येऊन लिहायचं. जून महिन्यात शाळा उघडल्या तेव्हा रेकॉर्डर घेतला. मीटिंगचं इतिवृत्त लिहिण्यापुरता हवा असेल तर डोळे झाकून घ्या, पुढचं वाचू नका.

तर ते फीचर. आवाज आला की रेकॉर्डिंग सुरू, आवाज थांबला की बंद. पहिले काही आठवडे मी त्याच्यावर खूश होतो. तासाभराची मुलाखत हाताने उतरवायला चार-पाच तास जातात. मधल्या शांतता गेल्या तर तेवढंच काम कमी. पण ते सुरू व्हायला क्षणभर वेळ घेतं, आणि त्या क्षणात माणूस पहिला शब्द बोलून मोकळा होतो.

एका बाईंना विचारलं होतं, “गटात वाचन घेणं पहिल्या वर्षी जमलं का?” बाई थांबल्या, खिडकीबाहेर बघितलं आणि हलक्या आवाजात म्हणाल्या, “नाही जमलं पहिल्या वर्षी.” रेकॉर्डरमध्ये ऐकू येतं, “जमलं पहिल्या वर्षी.” स्वच्छ, खणखणीत. थांबणंही गेलं आणि ‘नाही’ही गेला. शेजारी वही उघडी होती आणि वहीत ‘नाही’ होता, म्हणून निभावलं. वही चाळीस रुपयांची.

तुम्ही म्हणाल, एका शब्दासाठी एवढा त्रागा? पण आमच्या धंद्यात तो ‘नाही’ हाच माल आहे. छापील यशोगाथा कशा असतात ते शिक्षकांना पाठ आहे. शाळेची दुरवस्था होती, सर रुजू झाले, ग्रामस्थ पुढे आले, लोकसहभागातून रंगरंगोटी झाली, डिजिटल वर्ग आला, पट वाढला, शेवटी फीत कापतानाचा फोटो. यात काहीही फसत नाही, म्हणून दुसऱ्या शाळेतल्या शिक्षकाच्या हाती काही लागत नाही. पहिल्या वर्षी गटवाचन का फसलं हे बाईंनी पुढे सविस्तर सांगितलं: गटातलं हुशार पोर सगळं वाचून टाकायचं आणि बाकीचे माना डोलवायचे. मग त्यांनी वाचायची पाळी चिठ्ठी काढून ठरवायला सुरुवात केली. ही गोष्ट उचलून उद्या कोणीही आपल्या वर्गात करून बघू शकतो. रंगरंगोटीला निधी लागतो.

‘मुख्यमंत्री माझी शाळा, सुंदर शाळा’ अभियानात राज्यात पहिल्या येणाऱ्या शाळेला ५१ लाखांचं बक्षीस ठेवल्यापासून तर शाळेत पाऊल टाकलं की आधी फाईल पुढे येते. शिक्षकांचा दोष नाही, गुण फाईलवर मिळतात. पण फाईलमध्ये फसलेलं वर्ष नसतं.

आणि ‘आधी असं होतं’ यातलं ‘आधी’ म्हणजे नेमकं कधी, हेही रेकॉर्डिंगवर बोलून घ्यावं लागतं. ‘असर’ या ग्रामीण मुलांच्या वाचन-गणिताच्या पाहणीचे देशपातळीवरचे आकडे घ्या. सरकारी शाळांतल्या तिसरीच्या मुलांपैकी दुसरीच्या पातळीचा मजकूर वाचू शकणारी २०१८ साली २०.९ टक्के होती, करोनानंतर २०२२ मध्ये १६.३, आणि २०२४ मध्ये २३.४. कोणी २०२२ पासून मोजलं तर दोन वर्षांत सात टक्क्यांची उडी, पेढे वाटा. २०१८ पासून मोजलं तर सहा वर्षांत अडीच. दोन्ही खरं आहे. शाळेच्या गोष्टीतही हेच होतं. वर्ग बंद होते ते वर्ष ‘आधी’ म्हणून धरलं की कोणतीही शाळा चमत्कार वाटते. म्हणून मी तारीख विचारतो, महिना विचारतो, हजेरीपुस्तक मागतो. सर वैतागतात. वैतागू देत.

आता यंत्राचं कौतुक, कारण ते केलं नाही तर अन्याय होईल. मोबाईल काढला की सर उभे राहतात, कॉलर नीट करतात आणि भाषण सुरू करतात. हा काळा तुकडा टेबलावर डस्टरशेजारी पडून राहतो, पाच मिनिटांत त्याला सगळे विसरतात. सगळ्यात चांगलं बोलणं “बरं, झालं आपलं” म्हटल्यानंतर आणि चहा आल्यावर होतं. बीडकडच्या एका शाळेत ऊसतोडीला जाणाऱ्यांची मुलं दिवाळीनंतरही वर्गात दिसत होती. सर ‘पालकांचं प्रबोधन’ या शब्दापुढे जाईनात. चहाच्या वेळी शाळा व्यवस्थापन समितीतल्या एक मावशी म्हणाल्या, “प्रबोधन कसलं? सर उचल वाटायच्या आधीच मुकादमाकडं जाऊन बसले. म्हातारीपाशी पोरं ठेवणाऱ्या जोडीला कोयता कमी पडंल का, ते इचारून आले.” (उचल म्हणजे तोडीआधी मिळणारी आगाऊ रक्कम, मुकादम म्हणजे तोडीची टोळी जमवणारा, आणि कोयता म्हणजे ऊस तोडणारी नवरा-बायकोची जोडी.) सर लाजून हसले. आख्खी गोष्ट त्या दोन वाक्यांत आहे, आणि यंत्राने ती चहाच्या कपांच्या आवाजासकट पकडली. अर्थात फीचर बंद होतं म्हणून.

दुसरा उपयोग माझ्या डोक्यातही नव्हता. एका शाळेत तिसरीतल्या एका मुलाचं वाचन पालकांना विचारून ऑगस्टमध्ये टिपलं होतं, तोच उतारा डिसेंबरमध्ये पुन्हा. ऑगस्टमध्ये तो ‘विहीर’पाशी अडतो, ‘वि… वि…’ करत बसतो. डिसेंबरमध्ये विहीर ओलांडून पुढे जातो आणि पूर्णविरामाला थांबतो. दोन्ही लागोपाठ ऐकवलं तेव्हा त्या पोराने पहिला आवाज आपला असल्याचं साफ नाकारलं! लेखात मी ‘वाचनकौशल्यात लक्षणीय वाढ’ असं लिहिलंच नाही. विहिरीचंच लिहिलं.

पाऊण वेगाने ऐकण्याची सोयही झकास आहे. मोबाईलचं बोलून टायपिंग अहिराणीपुढे हात टेकतं; तिथे पाऊण वेग आणि गावातला एखादा ओळखीचा माणूस, दुसरा इलाज नाही. पत्र्याच्या छपरावर पाऊस सुरू झाला की मात्र यंत्राला फक्त पाऊस ऐकू येतो, आवाज आला म्हणून ते इमानाने सुरूही राहतं.

मग भांडण कशाचं? तर सेल बदलले की सगळी सेटिंग मूळपदाला जातात. तारीख १ जानेवारी होते आणि ते फीचर आपोआप पुन्हा चालू होतं. कुठेही दिवा लागत नाही, सूचना येत नाही. बाईंच्या मुलाखतीआधी मी शाळेच्या व्हरांड्यात सेलच बदलले होते. सर्व्हिस सेंटरला एवढंच म्हणणं होतं की सेटिंग टिकेल असं काहीतरी करून द्या. त्यांनी पर्याय दिला तो नवं मॉडेल घेण्याचा, जुनं जमा करून किरकोळ सवलतीत. पेन्शनमधून पुस्तिका छापणाऱ्या माणसाला हे सांगायला धीर लागतो.

सध्याची तोड अशी: चार्ज होणारे सेल वापरतो, ते शाळेत नव्हे तर घरीच बदलतो, आणि झाकणावर ‘आधी ते बंद कर’ अशी चिकटपट्टी लावली आहे. मुलाखतीच्या सुरुवातीला तारीख आणि गाव तोंडाने बोलतो, म्हणजे फाईलवरच्या १ जानेवारीचा त्रास नको. वही उघडी असतेच.

घेणार असाल तर दुकानातच सेल काढून पुन्हा घालायला लावा आणि मेनूत ते बंद राहतंय का ते बघा. दुकानदार कुरकुर करेल, पण सील फोडलेलं खोकं परत घ्यायला तो नंतर याहून जास्त कुरकुर करतो.