मेकन की फिशर? नॉर्थ कॅरोलायनाच्या किनाऱ्यावर एकच दिवस असेल तर

रॅले-कॅरीकडच्या मराठी घरांत सुट्टीत समुद्रावर जायचं ठरलं की कुणीतरी म्हणतंच, वाटेत किल्ला बघूया. अमेरिकी यादवी युद्धात, म्हणजे उत्तर विरुद्ध दक्षिण लढाईत, दक्षिणेच्या बाजूने लढलेले मेकन आणि फिशर हे दोन किल्ले या किनाऱ्यावर आहेत, पण एका दिवसात दोन्ही करायचे म्हणजे नुसती गाडीच चालवायची.

बोफर्टजवळचा फोर्ट मेकन हा डोळ्यांना पटणारा किल्ला. पंचकोनी, विटांचा, भोवती खंदक, आत खोल्या, आणि सगळं शाबूत. एप्रिल १८६२ मध्ये उत्तरेच्या फौजेने वाळूच्या टेकड्यांआड मोर्चे बांधले. २५ तारखेला आटे पाडलेल्या नळ्यांच्या तोफांनी अकरा तास मारा केला. गोळे दारूकोठाराच्या भिंतीपर्यंत पोचू लागले, तेव्हा किल्ल्याचा दक्षिणी सेनानी कर्नल मोझेस व्हाइटने दुसऱ्या दिवशी किल्ला उत्तरेच्या हवाली केला. लढाई म्हणून गोष्ट एवढीच.

विल्मिंग्टनच्या दक्षिणेचा फोर्ट फिशर नेमका उलटा. सिंधुदुर्ग मनात ठेवून गेलात तर हिरमोड होईल. दिसतात ते गवताळ मातीचे उंचवटे. बराच भाग समुद्राने खाल्ला, काही दुसऱ्या महायुद्धात धावपट्टीसाठी सपाट केला. पण विटांना फोडणारे गोळे या वाळूत नुसते रुतायचे. उत्तरेच्या आरमाराची नाकेबंदी चुकवून येणारी जहाजं याच्या तोफांच्या आडोशाने केप फिअर नदीत शिरत, आणि त्या मालावर व्हर्जिनियातलं दक्षिणेच्या जनरल लीचं सैन्य तग धरून होतं.

डिसेंबर १८६४ मध्ये उत्तरेच्या जनरल बटलरने तोफेच्या दारूने भरलेलं एक जहाज किल्ल्याजवळ नेऊन उडवलं. तटाला ओरखडाही आला नाही, आणि बटलरची नोकरी मात्र गेली. जानेवारीत उत्तरेच्या अ‍ॅडमिरल पोर्टरची साठेक जहाजं आणि जनरल टेरीची फौज आली. तलवारी-पिस्तुलं घेऊन पुळणीवरून धावलेले नौसैनिक मागे हटले; पण शिबंदीचं लक्ष तिकडे असताना पायदळ नदीच्या बाजूने आत शिरलं. रात्रीपर्यंत हातघाई चालली. १५ जानेवारी १८६५ ला किल्ला पडला, महिनाभराने विल्मिंग्टनही.

मुलं लहान असतील, किंवा किल्ला म्हणजे भिंत आणि दरवाजा असं तुमचं पक्कं मत असेल, तर मेकन. बाकीच्यांना मी फिशरलाच पाठवेन, पण आधी संग्रहालय बघा, मग बाहेर फिरा. नाहीतर टेकाडं टेकाडंच राहतील. शिवाय तिथून साउथपोर्टला गाडीसकट फेरीबोट जाते. नदीचं मुख तिच्यावरून नीट दिसतं.