मणक्यात सिमेंट की पट्टा आणि चालणं?

सांगलीत गेल्या उन्हाळ्यात आईनं वाकून पाण्याची घागर उचलली आणि पाठीत कळ आली. पडली नाही, धडपडली नाही. एक्स-रेत मणका दबलेला दिसला, म्हणजे ठिसूळ झालेलं हाड चेपलेलं. त्याआधी वर्षभर तिला वरच्या फळीवरचा डबा हाताला येत नव्हता, आणि आम्ही 'वय झालं' म्हणून सोडून दिलं. उंची कमी होणं हीच पहिली खूण होती.

पुढं दोन वाटा होत्या. एक, सुईनं मणक्यात सिमेंट भरणं. ऐकायला झटपट वाटतं. पण 2009 मध्ये प्रसिद्ध झालेल्या दोन चाचण्यांत खोटी प्रक्रिया केलेल्या, म्हणजे सिमेंट न भरता नुसता तसा देखावा केलेल्या रुग्णांचं दुखणंही तेवढंच कमी झालं होतं. अगदी ताज्या, असह्य वेदनेत काही डॉक्टर अजूनही हा उपाय सुचवतात. सरसकट मात्र नको.

दुसरी वाट म्हणजे वेदनाशामक, थोडे दिवस पट्टा आणि लवकर उठून चालणं. बहुतेकांचं दुखणं सहा ते बारा आठवड्यांत ओसरतं. आम्ही हीच धरली. महिनाभर झोपवून ठेवलं असतं तर पायांतली ताकदच गेली असती. आई आधी ओट्याला धरून टाचा उचलायची, मग अंगणात दहा पावलं. फिजिओथेरपिस्टनं कुशीवर वळून हाताच्या आधारानं उठायला शिकवलं, त्याचा आराम सगळ्यात जास्त.

वाट कुठलीही धरा, डेक्सा (हाडांची घनता मोजणारी) तपासणी आणि हाडं मजबूत करणारं औषध चुकवू नका. एक मणका दबला की दुसरा दबण्याचा धोका वाढतो.